पॅनेल गेलं म्हणजे नेमकं काय गेलं?

"डिशवॉशर? आमची ताटं तर मेसचे मामा घासतात!" असं म्हणून पान उलटू नका. तुमच्यापैकी निम्म्या लोकांच्या दुपारच्या डब्याचा या लेखाशी थेट संबंध आहे. होस्टेलवर करावे गावातून जे डबे येतात, ज्यांच्या भाजीला तुम्ही रोज नवीन नाव ठेवता, त्यातले बावीस डबे माझी आई करते. आणि ते डबे गेली काही वर्षं आमच्या घरातलं एक डिशवॉशर धुतंय.

एवढ्या चैनीचं मशीन आमच्याकडे आलं त्याला कारण आहे. आईच्या उजव्या मनगटाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सांगितलं, घासणं-पिळणं बंद. डबे बंद करणं परवडणारं नव्हतं. मार्च २०२० च्या लॉकडाऊनमध्ये कामाच्या मावशी येईनात म्हणून अनेक घरांनी डिशवॉशर घेतली, आणि पुढे त्यातली काही नुसती जागा अडवून बसली. असंच एक मशीन पप्पांनी सीवूड्सच्या एका सोसायटीतून अर्ध्या किमतीत उचललं. आजीने पहिल्या दिवशी नाक मुरडलं, दुसऱ्या दिवशी स्वतःचा पितळी तांब्या आत घालायला निघाली. (पितळ आणि अ‍ॅल्युमिनियम घालू नये, काळं पडतं. हा तांब्या वाचला.)

तर गेल्या जुलैत हे मशीन रुसलं. चालू केलं की दिवे लागायचे, तीनदा 'बीप' व्हायचं आणि पुढे काही नाही. प्रोग्रॅम बदलत नाही, सुरू होत नाही. गंमत म्हणजे एखाद्या सकाळी बिनतक्रार चालायचं आणि संध्याकाळी पुन्हा तेच. कारागीर आला, दोन मिनिटं बघितलं आणि निदान केलं, "पॅनेल गेलं. पूर्ण बदलावं लागेल. साडेआठ हजार."

आई काही बोलली नाही. त्या रात्री मला भांडी घासण्याचा आवाज आला. उठून बघतो तर डाव्या हाताने डबे घासत उभी! आजी कोपऱ्यातून म्हणाली, "तुजा इंजिनियरिंगचा काय उपेग नाय का रं?"

तिसरं वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स, नावावर एक केटी. बोला आता.

आधी थोडं मशीनबद्दल

डिशवॉशर हे काही कालपरवाचं यंत्र नाही. अमेरिकेतल्या जोसेफिन कॉक्रन या बाईंनी पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या डिशवॉशरचं पेटंट २८ डिसेंबर १८८६ रोजी मिळवलं आणि १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात ते मशीन मांडलं. भांडी जाळीत बसवायची आणि गरम साबणपाण्याचे फवारे मारायचे, हे तत्त्व आजही तेच आहे. बदललं ते डोकं. पुढे कित्येक वर्षं या मशीनमध्ये यांत्रिक टायमर असायचा, म्हणजे हळूहळू फिरणारा खाचांचा दांडा एकामागून एक स्विच दाबत जायचा. आता त्या जागी मायक्रोकंट्रोलर आहे.

हल्लीच्या मशीनमध्ये बहुतेक वेळा दोन बोर्ड असतात. दाराच्या वरच्या कडेला बटणं, दिवे आणि डिस्प्ले असलेला छोटा बोर्ड, त्यालाच आपण 'पॅनेल' म्हणतो. दुसरा मुख्य बोर्ड. त्यावर पॉवर सप्लाय, रिले आणि ट्रायॅक असतात. हा बोर्ड पाण्याचा व्हॉल्व्ह, फवाऱ्याचा पंप, निचऱ्याचा पंप आणि हीटर चालवतो. हीटर साधारण १८०० ते २००० वॅटचा, म्हणजे २३० व्होल्टवर ८ ते ९ अँपिअर करंट. म्हणूनच हे मशीन १६ अँपिअरच्या सॉकेटवरच लावायचं. मिक्सरच्या एक्स्टेन्शनवर नाही!

लक्षात ठेवण्याची गोष्ट अशी, की दिवे पॅनेलवर लागतात म्हणून बिघाड पॅनेलचाच असतो असं नाही. ताप अंगाला येतो, पण आजार कुठे आहे ते शोधावं लागतं.

सुरक्षितता (हे वाचल्याशिवाय पुढचं वाचू नये)

इथे मी आधी माझी चूक सांगतो. पहिल्या दिवशी मी सॉकेटचं बटण बंद केलं आणि लगेच दार उघडून मुख्य बोर्डाला हात घातला. असा झटका बसला की कोपर ओट्यावर आपटलं. बटण बंद होतं, मग करंट आला कुठून?

कॅपॅसिटरमधून. २३० व्होल्ट एसी रेक्टिफाय केल्यावर शिखर मूल्य मिळतं, २३० गुणिले १.४१४, म्हणजे ३२५ व्होल्ट डीसी. ते बोर्डावरच्या ४०० व्होल्टच्या कॅपॅसिटरमध्ये साठून राहतं. शिवाय सॉकेटचं बटण फक्त एक तार तोडतं. वायरिंगमध्ये फेज-न्यूट्रल उलटे असतील तर बटण बंद करूनही मशीनमध्ये फेज जिवंत राहतो. म्हणून नियम:

१) प्लग उपसून काढा आणि डोळ्यांसमोर ठेवा. नळही बंद करा.

२) पाच मिनिटं थांबा. मग मल्टिमीटर डीसी ६०० किंवा १००० व्होल्टच्या रेंजवर ठेवून मोठ्या कॅपॅसिटरवर मोजा. व्होल्टेज शिल्लक असेल तर १० किलो-ओहम, ५ वॅटच्या रेझिस्टरने, इन्सुलेटेड चिमटे लावून उतरवा. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी पाडणं ही मर्दुमकी नव्हे. पुन्हा मोजा.

३) सर्वांत फसवी गोष्ट. पॅनेलवर फक्त ५ व्होल्ट असतात असं समजून चालू मशीनच्या पॅनेलला बोट लावू नका. घरगुती मशीनमधले बरेच सप्लाय 'नॉन-आयसोलेटेड' असतात. म्हणजे त्या ५ व्होल्टचा ग्राउंड थेट मेन्सच्या तारेला जोडलेला असतो. मीटरला ५ दिसतील, पण तुम्ही जमिनीवर उभे आहात आणि जमिनीच्या हिशोबाने तिथे २३० असू शकतात! याच कारणाने अशा बोर्डाला लॅबमधला ऑसिलोस्कोप थेट लावायचा नाही. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर हवाच.

४) घरी फक्त बंद मशीनवर मोजमाप करावे. चालू बोर्डावरची मोजमापं लॅबमध्ये, सरांसमोर.

५) मशीन वॉरंटीत असेल तर स्क्रूला हात लावू नका.

बाहेरून आत या

झटका खाऊन शहाणा झालो असेन असं तुम्हाला वाटेल. नाही. मी इंटरनेटवर चार व्हिडिओ बघितले, "कॅपॅसिटर बदला, मशीन सुरू" असं ऐकलं आणि मुख्य बोर्डावरचे चारही इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर बदलून टाकले. दोन संध्याकाळी गेल्या. मशीन चालू केलं, बीप-बीप-बीप. जैसे थे.

बोर्ड घेऊन कॉलेजला आलो. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "बदलायच्या आधी मोजलंस का?"

मोजलं नव्हतं. लॅबमध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर आणि सिरीजमध्ये १०० वॅटचा बल्ब लावून बोर्डाला सप्लाय दिला. (हा सिरीज बल्ब म्हणजे गरिबाचा फ्यूज. बोर्ड शॉर्ट असेल तर बल्ब पेटतो आणि करंट अर्ध्या अँपिअरच्याही आत राहतो.) रिलेसाठीचे १२ व्होल्ट होते ११.९. कंट्रोलरचे ५ व्होल्ट होते ४.९८. म्हणजे सप्लाय ठणठणीत होता, आणि माझे बदललेले जुने कॅपॅसिटरही बहुधा ठणठणीतच होते.

सरांनी मग फळ्यावर एक क्रम लिहून दिला. तो इथे देतोय, कारण तो वॉशिंग मशीनलाही जवळपास तसाच लागू पडतो.

पहिली पायरी, मशीनच्या बाहेर. सॉकेटमध्ये व्होल्टेज आहे का? नळ उघडा आहे का? पाण्याच्या नळीच्या तोंडाशी बारीक जाळी असते, ती गाळाने भरली आहे का? सोसायटीची टाकी धुतली की हमखास भरते. आणि 'चाइल्ड लॉक' लागलं नाही ना? हसू नका, नुसत्या चाइल्ड लॉकपायी लोक कारागिराला बोलावतात. प्लग काढून दहा मिनिटांनी पुन्हा लावून बघा, कंट्रोलर अडकला असेल तर सुटतो.

दुसरी पायरी, दार. दाराच्या कुलपात मायक्रोस्विच असतो. दार बंद आहे हे कळल्याशिवाय मशीन सुरू होत नाही. बंद करताना स्पष्ट 'टिक' येते का ऐका, मग स्विचची कंटिन्यूटी बघा.

तिसरी पायरी, तळ. मशीनच्या बुडाशी ट्रे असतो आणि त्यात थर्माकोलचा तरंगणारा तुकडा. कुठे गळती झाली की ट्रेमध्ये पाणी साचतं, तुकडा वर येतो, स्विच दाबला जातो आणि मशीन धुणं सोडून निचऱ्याचा पंप सतत चालवत बसतं. लोक म्हणतात पॅनेल वेडं झालं. खरं तर ते इमानाने सांगत असतं की पाणी गळतंय. ट्रे कोरडा करा आणि गळती शोधा.

चौथी पायरी, बिजागरी. पॅनेल दारात, मुख्य बोर्ड बुडाशी, म्हणजे मधल्या तारा दाराबरोबर दिवसातून अनेकदा वाकतात. आत तांबं तुटतं, वरचं आवरण मात्र शाबूत! मीटर बझरवर ठेवून तारेची दोन्ही टोकं धरा आणि दुसऱ्या कोणाला दार हळूहळू उघड-बंद करायला सांगा. बझर मध्येच तुटला तर चोर सापडला.

पाचवी पायरी, भार. हीटर, व्हॉल्व्ह आणि पंपाचे कनेक्टर काढून रेझिस्टन्स मोजा. १८०० वॅटचा हीटर २३० चा वर्ग भागिले १८००, म्हणजे साधारण २९ ओहम दाखवेल. व्हॉल्व्हची कॉइल काही किलो-ओहम. पाण्याचं तापमान मोजणारा थर्मिस्टर बऱ्याच मशीनमध्ये २५ अंशांना १० किलो-ओहम असतो आणि कोमट पाण्यात बुडवला की कमी होत जातो. हीटरची दोन्ही टोकं आणि मशीनचं पत्र्याचं अंग यांच्यामध्ये मात्र काहीही दिसता कामा नये. दिसलं तर हीटर बदलणे, दुसरा उपाय नाही.

सहावी पायरी, मुख्य बोर्ड. आधी डोळे आणि नाक वापरा. हीटरच्या रिलेखालचं सोल्डर बघा. आठ-नऊ अँपिअर करंटने रोज तापून-थंड होऊन पायाभोवती गोल बारीक भेग पडते. साध्या बोर्डावर ट्रान्सफॉर्मरऐवजी सिरीज कॅपॅसिटर असतो, तोही तपासा. ०.६८ मायक्रोफॅरड असेल तर २ पाय एफ सी व्ही या सूत्राने साधारण ४९ मिलिअँपिअर मिळतात. हा कॅपॅसिटर वर्षानुवर्षं व्होल्टेजचे धक्के खात झिजतो. ०.३ वर आला की मिळतात फक्त २२. दिवे लागतात, पण ३० मिलिअँपिअर मागणारा रिले ओढला जात नाही. बाहेरून तो कॅपॅसिटर अगदी नवा दिसतो, म्हणून मोजायचा.

आणि सातवी पायरी, पॅनेल. कारागिराने पहिल्या दोन मिनिटांत जिथे उडी मारली ती शेवटची पायरी आहे.

चोर सापडला

घरी येऊन एकेक पायरी चढलो. पहिल्या सहा ठीक. पॅनेल उघडलं आणि बटणं मोजायला घेतली.

पॅनेलवर आपण दाबतो ते प्लास्टिकचं बटण नुसतं ढकलतं. खरं काम आतल्या ६ बाय ६ मिलिमीटरच्या छोट्या स्विचचं. त्याला 'टॅक्ट स्विच' म्हणतात. न दाबता तो पूर्ण ओपन हवा, दाबल्यावर एक ओहमच्या आत. बोर्डावर मोजताना शेजारच्या रेझिस्टरमुळे आकडे फसवे येतात, म्हणून सगळी बटणं एकमेकांशी ताडून बघायची. बाकीची सगळी २० किलो-ओहमच्या आसपास आणि 'स्टार्ट' एकटं ३ किलो-ओहम! त्याचे एका बाजूचे पाय सोडवून पुन्हा मोजलं. न दाबता ३ किलोच्या थोडं वर. म्हणजे स्विच आतून 'गळत' होता.

आता गणित बघा. स्विचला १० किलो-ओहमचा पुल-अप ५ व्होल्टशी जोडलेला आहे. बटण न दाबता कंट्रोलरच्या पायावर ५ व्होल्ट हवेत. पण स्विचच ३ किलोचा झाला, तर तिथे ५ गुणिले ३ भागिले १३, म्हणजे १.१५ व्होल्ट. सर्वसाधारण सीमॉस इनपुट सप्लायच्या तीस टक्क्यांखाली, म्हणजे १.५ व्होल्टखाली, 'शून्य' वाचतो. कंट्रोलरच्या दृष्टीने कोणीतरी 'स्टार्ट' दाबूनच ठेवलंय! मग तो बाकीची बटणं ऐकेल कशाला?

सकाळी चालतं आणि संध्याकाळी नाही, याचंही उत्तर त्यातच होतं. ताईचा हेअर ड्रायर आणला (परवानगी नंतर घेतली) आणि मंद आचेवर स्विच पाच मिनिटं वाळवला. रेझिस्टन्स गेला ४० किलोवर. आता ५ गुणिले ४० भागिले ५०, म्हणजे ४ व्होल्ट, 'एक'. मशीन रात्रभर कोरडं राहिलं की सकाळी चालायचं. डबे धुताना वाफ धरली की संध्याकाळी बंद. व्होल्टेज डिव्हायडर! पहिल्या वर्षाच्या व्हायवात मी ज्यावर "सर, रिव्हाइज करायचंय" म्हणालो होतो, तोच.

वाफेत एवढं काय असतं? नुसतं पाणी असतं तर निभावलं असतं. पण आपलं करावे खाडीकाठी. एका बाजूला पाम बीच रोड, पलीकडे चाणक्य, खारफुटी आणि फ्लेमिंगो. जुलैत हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर आणि त्यात खारटपणा. गावातल्या खिडक्यांचे गज बघा, रंग टिकत नाही. स्विचच्या आत चांदीचा मुलामा दिलेले संपर्क असतात. त्यांवर ओलसर खारट थर बसला आणि दोन टोकांत कायम ५ व्होल्ट राहिले, की चांदी सूक्ष्म प्रमाणात विरघळून पलीकडे सरकते आणि बारीक वाट तयार होते. हाच गळका स्विच. आणि आमच्या घरी डबे लगेच हवेत म्हणून धुणं संपताक्षणी दार उघडलं जायचं. सगळी वाफ सरळ पॅनेलमध्ये!

दोन रुपयांचं बटण

लॅमिंग्टन रोडला गेलो. टॅक्ट स्विच दोन रुपयांना एक. दहा घेतले, खिशात घातले, विजयी मुद्रेने परत. 'स्टार्ट' बदललं, पॅनेल बसवलं, चालू केलं. बीप-बीप-बीप!

मी जमिनीवर बसलो. आईने पाणी दिलं आणि म्हणाली, "राहू दे रे, उद्या बघ." पण आता सरांचा प्रश्न कानात होता. मोजलंस का? पॅनेल पुन्हा काढलं आणि मोजलं. स्विच व्यवस्थित ओपन. पॅनेल बसवून मोजलं, शॉर्ट! दोन्ही स्विच शेजारी धरले तेव्हा कळलं, नव्याच्या डोक्याची उंची दीड मिलिमीटर जास्त होती. झाकण बसवलं की तेच बटण दाबून धरत होतं. पुन्हा लॅमिंग्टन रोड. या वेळी जुना स्विच बरोबर नेला.

म्हणून लिहून ठेवा. टॅक्ट स्विच घेताना डोक्याची उंची जुळवा. त्याचे चार पाय दोन-दोनच्या जोडीने आतून जोडलेले असतात. पायांमधलं अंतर एका बाजूला साडेचार आणि दुसऱ्या बाजूला साडेसहा मिलिमीटर असतं. पाय वाकवून जबरदस्तीने आडवा बसवलात तर तो कायमचा 'दाबलेला' राहील. जुनं सोल्डर पंपाने किंवा वेणीने ओढून घ्या. पाय सुटायच्या आधी उपटला तर तांब्याचा पट्टाही उपटून येतो. नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने बोर्ड पुसा, रिबन केबलची टोकंही पुसा, पूर्ण वाळू द्या. शेवटी सोल्डरच्या बाजूला बोर्डासाठीचं लॅकर मारा, स्विच आणि कनेक्टर चिकटपट्टीने झाकून.

एक बटण गेलं तर बाकीचीही त्याच वाफेत वाढलेली असतात, म्हणून मी सगळी सहा बदलली. बारा रुपये. लोकलचं तिकीट, लॅकर आणि वाया गेलेले कॅपॅसिटर धरूनही खर्च पाचशेच्या आत राहिला.

पॅनेल बसवण्याआधी त्याखालची सुटलेली रबरी पट्टी पुन्हा चिकटवली. आणि घरात नियम केला की धुणं संपल्यावर अर्धा तास दार उघडायचं नाही. हा नियम आजी स्वतः घड्याळ बघून राबवते.

कधी थांबावं

सगळंच घरी दुरुस्त होत नाही. मुख्य बोर्डावर काळा जळका डाग असेल, कंट्रोलरच गेला असेल, हीटर बॉडीला टेकला असेल, मशीनला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर थांबा. झिणझिण्या येत असतील तर आधी घराचं अर्थिंग तपासून घ्या. जुना बोर्ड कचऱ्यात न टाकता ई-कचऱ्यात द्या, किंवा आपल्या लॅबला द्या, सुटे भाग कामाला येतात. केंद्र सरकारने २४ डिसेंबर २०२२ रोजी 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. दुरुस्तीची आणि सुट्या भागांची माहिती ग्राहकाला मिळावी हा त्याचा हेतू. कारागीर "पूर्ण बदला" म्हणाला तर निदान "काय मोजलंत?" एवढं विचारायला लाजू नका.

आमच्या त्या कारागिराला मी चोर म्हणत नाही. दिवसाला आठ घरं करणारा माणूस एक बटण शोधायला दोन तास देऊ शकत नाही. आपल्याकडे ते दोन तास असतात. सबमिशनच्या आठवड्यात नसतात, पण इतर वेळी कट्ट्यावर जातातच की!

मशीन सुरू झालं त्या संध्याकाळी आईने बावीस डबे लावले, बटण दाबलं आणि पाणी भरल्याचा आवाज येईपर्यंत तिथेच उभी राहिली. मग खुर्ची ओढून बसली. डबेवाल्या बाईला संध्याकाळी सात वाजता बसलेलं मी बऱ्याच दिवसांनी बघितलं. आजी मला म्हणाली, "आता ती केटी पन सोडव."

असो. तिचा फॉर्म भरलाय. आणि हो, होस्टेलच्या दुसऱ्या मजल्यावरचं वॉशिंग मशीन दोन महिने 'पॅनेल गेलंय' अशा चिठ्ठीखाली पडून आहे. रेक्टर सरांची परवानगी घेऊन शनिवारी दुपारी ते उघडायचं ठरलंय. ज्यांना यायचं त्यांनी चपला घालून या, अंगठ्या-कडी काढून या आणि मल्टिमीटर असेल तर घेऊन या. प्लग मी स्वतः काढून खिशात ठेवणार आहे.